९६ ऐवजी ८० जीबी का दिसते: सर्व्हरची रॅम लावणं आणि ती नीट लागल्याची खात्री करणं

आधी प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे पुढचं वाचणाऱ्याला संदर्भ लागेल. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत तुम्ही हिशेबाबरोबर कॉम्प्युटरचंही बघता. ऑफिसात डेलचा टॉवर सर्व्हर आहे. बोर्ड दोन प्रोसेसरचा, पण प्रोसेसर एकच बसवलेला, झिऑन सिल्व्हर ४२१०. विंडोज सर्व्हर २०१९ स्टँडर्ड, त्यावर एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसवर चालणारं ईआरपी (कारखान्याचा सगळा व्यवहार सांभाळणारं सॉफ्टवेअर), शिवाय टॅली, आणि २५ जण रिमोट डेस्कटॉपने आत येतात. १६ जीबीच्या दोन रॅम होत्या, राजारामपुरीतल्या एका दुकानातून तशाच आणखी चार घेतल्या आणि दुकानातल्या मुलानेच येऊन लावल्या. आता ९६ जीबी दिसायला हवी तिथे ८० दिसते. स्टिकरवर २९३३ आहे, पण वेग २४०० दाखवतोय. पुढचा दिवा पिवळा झालाय. आणि महिनाअखेरचा स्टॉक रिपोर्ट पूर्वीइतकाच रखडतोय. दुकानदाराने फसवलं का, माल परत करावा का, आणि रॅम नीट लागली हे ठामपणे कसं ओळखायचं, असं तुम्ही विचारलंय. सोबतच्या फोटोत जुन्या रॅम ए१ आणि ए२ मध्ये आहेत, नव्या ए३, ए४, ए७ आणि बी१ मध्ये.

तो फोटो काढलात हे फार बरं केलंत, कारण ८० जीबीचं उत्तर त्यातच आहे. ८० म्हणजे १६ च्या पाच रॅम. सहावी कुठे गेली? ती बी१ मध्ये आहे. दोन प्रोसेसरच्या बोर्डावर ‘ए’चे स्लॉट पहिल्या प्रोसेसरचे आणि ‘बी’चे दुसऱ्याचे. हल्ली मेमरी सांभाळणारा भाग प्रोसेसरच्या आतच असतो, त्यामुळे दुसरा प्रोसेसर बसवलेला नसेल तर ‘बी’च्या स्लॉटपर्यंत कुणी पोचतच नाही. रॅम चांगली आहे, स्लॉटही चांगला आहे, पण त्याच्याशी बोलणारा प्रोसेसर जागेवर नाही. पिवळा दिवाही बहुधा याच कारणाने लागलाय. नक्की कारण कुठे वाचायचं ते पुढे सांगतो.

२४०० चं उत्तर त्याहून सोपं. सिल्व्हर ४२१० हा प्रोसेसर मेमरी जास्तीत जास्त २४०० च्या वेगाने चालवतो. २६६६ ची टाका, २९३३ ची टाका, ३२०० ची टाका, चालणार २४०० नेच. २९३३ ची रॅम २४०० ने चालवण्यात तिला काही त्रास नाही आणि तुमचा तोटाही नाही, कारण बाजारात कमी वेगाची शोधायला गेलात तर ती बहुतेक वेळा जुनीच मिळते. तेव्हा दुकानदाराशी या मुद्द्यावर भांडू नका. कुणी सीपीयू-झेड हा हार्डवेअरची माहिती दाखवणारा प्रोग्राम चालवून १२०० दाखवलं तरी घाबरू नका. डीडीआर मेमरी घड्याळाच्या एका ठोक्यात दोनदा डेटा देते, म्हणून १२०० मेगाहर्ट्झ आणि २४०० हा वेग ही एकच गोष्ट आहे.

दुकानातल्या मुलाने जे केलं ते घरच्या कॉम्प्युटरवर चालून गेलं असतं. सर्व्हरवर रिकामा स्लॉट दिसला की रॅम टाकली असं करून भागत नाही. तुमच्या प्रोसेसरला मेमरीचे सहा चॅनेल आहेत, म्हणजे रॅमकडे जाणारे सहा स्वतंत्र रस्ते. ए१ ते ए६ हे त्या सहा चॅनेलचे पहिले स्लॉट, आणि ए७ पासून पुढचे त्याच चॅनेलवरचे दुसरे. डेलने पहिल्या स्लॉटच्या क्लिपा पांढऱ्या आणि दुसऱ्यांच्या काळ्या ठेवल्यात त्या यासाठीच. ए७ हा ए१ चा जोडीदार. म्हणजे आज तुमच्याकडे एका चॅनेलवर दोन रॅम, तीन चॅनेलवर एकेक आणि दोन चॅनेल कोरडे. अशी असमान मांडणी असली की प्रोसेसरला डेटा सगळ्या चॅनेलवर सारखा वाटून ठेवता येत नाही. तो मेमरीचे वेगवेगळे तुकडे पाडतो आणि काही तुकडे हळू चालतात.

तुमच्याकडे सहा रॅम आहेत आणि सहा चॅनेल आहेत. याहून चांगला योग नाही. ए७ मधली काढून ए५ मध्ये टाका, बी१ मधली ए६ मध्ये. पांढऱ्या क्लिपांचे सहाही स्लॉट भरले, काळे सगळे रिकामे. झालं. २४०० च्या वेगाला एक चॅनेल सेकंदाला १९.२ जीबी डेटा देतो; जुन्या दोन रॅमवर तुम्हाला ३८.४ मिळत होता, सहा चॅनेलवर ११५.२ मिळेल. हे कागदावरचे कमाल आकडे आहेत. हिशेबाच्या आणि ईआरपीच्या कामाला एवढी रुंदी क्वचित लागते, म्हणून रिपोर्ट तिप्पट वेगाने येईल अशी आशा धरू नका. पण सहा रॅम हातात असताना मांडणी चुकीची ठेवायला काहीच कारण नाही.

दुसऱ्या कंपनीचा सर्व्हर असेल तर हे क्रमांक तसेच्या तसे उचलू नका. एचपीईच्या मशिनवर स्लॉटचे आकडेही वेगळे आणि भरायचा क्रमही वेगळा. झिऑन स्केलेबलच्या तिसऱ्या पिढीतल्या बहुतेकांना आठ चॅनेल आहेत, जुन्या ई५ पैकी बहुतेकांना चार, आणि छोट्या ऑफिसात दिसणाऱ्या झिऑन ई ला दोनच. क्रम कुठे मिळेल? कॅबिनेटच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या चित्रात. झाकण काढून भिंतीला टेकवून ठेवतात आणि ते चित्र कुणी बघत नाही.

आता हलवण्याआधी सहाही रॅमची स्टिकरं वाचा. एकेकीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. तुमच्या नव्या रॅमवर ‘१६जीबी २आरएक्स८ पीसी४-२९३३वाय-आर’ अशा धर्तीचं काहीतरी असेल. यात शेवटच्या तुकड्याचं पहिलं अक्षर सगळ्यात महत्त्वाचं. ‘आर’ म्हणजे रजिस्टर्ड, ‘एल’ म्हणजे लोड-रिड्यूस्ड, ‘ई’ म्हणजे ईसीसी (चूक ओळखून दुरुस्त करायची सोय) असलेली पण रजिस्टर नसलेली, ‘यू’ म्हणजे साधी डेस्कटॉपची. हे प्रकार एकमेकांत मिसळत नाहीत. डीडीआर४ मध्ये या सगळ्यांना २८८ पिना आणि खाचही एकाच जागी, म्हणून चुकीची रॅमही स्लॉटमध्ये बिनबोभाट बसते आणि मग सर्व्हर चालूच होत नाही. डीडीआर५ मध्ये रजिस्टर्ड आणि साधीची खाच वेगळी केली, तिथे ही चूक होत नाही. तुमच्या सहाही ‘आर’ असतील तर काळजी नाही. जुन्या दोन २६६६ च्या निघाल्या तरी नव्या २९३३ बरोबर चालतील.

‘२आरएक्स८’ मधला शेवटचा आकडा ८ आहे की ४, हेही टिपून ठेवा. ४ वाल्या रॅमवर एक अख्खी चिप बाद झाली तरी सर्व्हर सावरून घेऊ शकतो, ८ वाल्यावर तेवढी ताकद नसते. पुढच्या खरेदीला हे लक्षात ठेवा, आज त्यासाठी काही बदलू नका.

माल खरा का खोटा हे स्टिकरवरून कळत नाही, कारण स्टिकर छापता येतं. प्रत्येक रॅमवर एक छोटी चिप असते, तिच्यात कारखान्याने स्वतःचं नाव, पार्ट नंबर, सिरियल नंबर आणि कोणत्या वर्षाच्या कितव्या आठवड्यात बनवली हे लिहून ठेवलेलं असतं. सर्व्हर ते वाचतो. तेव्हा स्टिकरवरचा पार्ट नंबर आणि सर्व्हर दाखवतो तो पार्ट नंबर जुळला पाहिजे. स्टिकरवर १९३८ सारखा चार आकडी कोड असतो, तो २०१९ चा ३८ वा आठवडा. नवी म्हणून घेतलेली रॅम काही वर्षं जुनी निघाली तर ती दुसऱ्या सर्व्हरमधून काढलेली असण्याचा संभव मोठा. वापरलेली रॅम वाईटच असते असं माझं मत नाही, तपासून घेतली तर ती वर्षानुवर्षं चालते. पण मग भाव वापरलेल्याचा लागला पाहिजे आणि बिलावर तसं लिहिलं पाहिजे. जीएसटी बिलावर सिरियल नंबर लिहून घ्यायची सवय लावा, वॉरंटीच्या वेळी घोडं तिथेच अडतं.

काम कधी करायचं? जीएसटीआर-१ ची ११ तारीख आणि ३बी ची २० तारीख यांच्या मागेपुढे अजिबात नको. साप्ताहिक सुट्टीचा दिवस धरा, आणि आदल्या रात्रीचा बॅकअप दुसऱ्या मशिनवर उघडून बघा. एसक्यूएलचा बॅकअप रिस्टोअर होतो का, टॅलीची कंपनी उघडते का, एवढं बघितल्याशिवाय झाकणाला हात लावू नका. बायोस (मशिन सुरू करणारा मूळ प्रोग्राम) आणि आयड्रॅक (सर्व्हरवर नजर ठेवणारा त्याच्या आतला भाग, त्याबद्दल पुढे) यांचं नवं अपडेट असेल तर ते आधी करून घ्या, कारण मेमरीच्या चुका हाताळायची पद्धत कंपन्या बायोसमधूनच सुधारत असतात.

सर्व्हर विंडोजमधून रीतसर बंद करा. मागच्या दोन्ही पॉवर केबल काढा; दोन पॉवर सप्लाय असलेल्या मशिनची एकच केबल काढून काम सुरू करणारे लोक मी पाहिलेत. केबल काढल्यावर पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा, म्हणजे आत साठलेली वीज निघून जाईल, आणि बोर्डावरचा दिवा विझल्यावरच हात घाला. मनगटाला अर्थिंगचा पट्टा लावा. तो नसेल तर निदान कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला वरचेवर हात लावत राहा.

इथे फाउंड्रीवाल्यांसाठी खास सांगायचं आहे. तुमच्याकडची धूळ साधी नाही. मोल्डिंगची बारीक वाळू, कोळशाची पूड आणि लोखंडाचे कण तिच्यात असतात, आणि काळी पूड वीज वाहून नेऊ शकते. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या पंचतारांकित वसाहतीतही, ऑफिस शॉपच्या भिंतीला लागून असलं की सर्व्हरच्या आत हाच काळा थर बसतो. आणि तो काढायला हाताशी असते ती शॉपमधली कंप्रेसरची गन. ती सर्व्हरवर मारू नका. त्या हवेत पाणी असतं, तेल असतं, पावसाळ्यात तर जास्तच, आणि दाब एवढा की धूळ रिकाम्या स्लॉटच्या तळाशी जाऊन घट्ट बसते. हातातला छोटा इलेक्ट्रिक ब्लोअर घ्या, सर्व्हर ऑफिसच्या बाहेर मोकळ्यावर न्या, पंख्यांची पाती बोटाने धरून ठेवा आणि जरा अंतरावरून हवा मारा. रिकामे स्लॉट मऊ कोरड्या ब्रशने साफ करा. आणि रिकाम्या स्लॉटवर कंपनीने दिलेल्या प्लास्टिकच्या कोऱ्या पट्ट्या असतील तर त्या फेकून देऊ नका, हवेचा प्रवाह त्यांच्यामुळेच नीट राहतो.

रॅमच्या पिना खोडरबरने घासायची आपल्याकडची जुनी पद्धत आहे. सर्व्हरच्या रॅमवर ती बंद करा. पिनांवरचा सोन्याचा मुलामा एक मायक्रॉनपेक्षाही कमी जाडीचा असतो. रबराने तो झिजतो, खालचा थर उघडा पडतो आणि आपल्या पावसाळी दमटपणात तिथे डाग धरतात. शिवाय रबराचा भुगा स्लॉटमध्ये पडतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं कापड, हलक्या हाताने एकदा पुसलं की पुरे. नव्या रॅमला तेवढंही लागत नाही.

बसवताना स्लॉटच्या दोन्ही टोकांच्या क्लिपा पूर्ण बाहेर ढकला. खाच जुळवा. दोन्ही अंगठे रॅमच्या दोन टोकांवर ठेवून सरळ खाली दाबा, एका टोकाने आधी आणि दुसऱ्याने नंतर असं नको. क्लिपा आपोआप वर येऊन टक्क आवाज झाला पाहिजे. बोटाने क्लिप वर ओढून बसवावी लागली तर रॅम खाली गेलेली नाही असंच समजा. मग डोळा बोर्डाच्या पातळीला आणून बाजूने बघा. सहाही रॅमची वरची कड एका रेषेत दिसली पाहिजे. रॅम हातात असताना डीडीआर४ ची खालची कड मधे जरा फुगीर आणि टोकांना वर गेलेली दिसेल. ती बनावटच तशी आहे, बसवताना जोर कमी लागावा म्हणून. वाकलेली समजून परत पाठवू नका.

प्रोसेसर आणि रॅमवरचं प्लास्टिकचं काळं आवरण परत लावायला विसरू नका. ते नुसतं झाकण नाही, पंख्यांची हवा त्याच्यातून रॅमवर वळते. ते बाहेर राहिलं की पंखे घोंघावत राहतात आणि रॅम तरीही तापते.

केबल लावून सर्व्हर चालू केला की पहिल्यांदा पडदा काही मिनिटं काळाच राहील. मेमरीची मांडणी बदलली की सर्व्हर प्रत्येक रॅमशी वेळा जुळवत बसतो. या वेळी घाबरून बटण दाबून बंद करणं हा सगळ्यात वाईट उपाय. थांबा. मग मेमरी बदलल्याचा निरोप येईल, तो स्वीकारा आणि एफ२ ने सेटअपमध्ये जा.

सेटअपच्या मेमरीच्या पानावर तीन गोष्टी बघायच्या. एकूण ९८,३०४ एमबी किंवा ९६ जीबी, वेग २४००, आणि मेमरी ऑपरेटिंग मोड ‘ऑप्टिमायझर’. हा मोड कधी कधी ‘मिरर’वर असतो, त्यात प्रत्येक गोष्ट दोन ठिकाणी लिहिली जाते आणि विंडोजला निम्मीच मेमरी दिसते. चुकून कुणी तो लावला की रॅम खराब म्हणून परत जाते, दुकानात ती चांगली निघते, आणि दोन्ही बाजूंचा जीव मेटाकुटीला येतो. मिररिंग वाईट नाही, पण तुमच्या कामाला त्याची गरज नाही. पॅट्रोल स्क्रब ‘स्टँडर्ड’वर चालू असू द्या. त्यात सर्व्हर २४ तासांत एकदा सगळी मेमरी स्वतःहून वाचून बघतो आणि एखादा बिट बिघडला असेल तर दुरुस्त करून परत लिहितो. बाकीच्या सेटिंग्जना हात लावायचं कारण नाही.

यानंतर लोक थांबतात: ९६ दिसली, काम झालं. मी इथे थांबू नका असं कळकळीने सांगतो, आणि त्याचं कारण ईसीसीच्या स्वभावात आहे. ईसीसी रॅममध्ये ६४ बिट डेटाबरोबर ८ बिट तपासणीचे असतात, एकूण ७२. एक बिट चुकला तर सर्व्हर तो तिथल्या तिथे दुरुस्त करतो, दोन चुकले तर ओळखतो आणि बहुतेक वेळा मशिन थांबवतो. म्हणजे अर्धवट बसलेली किंवा कमजोर रॅमही आठवडेच्या आठवडे तक्रार न करता चालते. घरच्या कॉम्प्युटरवर निळा पडदा येतो, प्रोग्राम बंद पडतो, आपण जागे होतो. सर्व्हर चूक पोटात घालतो आणि लॉगमध्ये फक्त एक ओळ लिहितो. ती ओळ कुणी वाचली नाही तर पुढे एक दिवस ऐन डिस्पॅचच्या गडबडीत, ई-वे बिलं निघत असताना, मशिन बसतं. टोरोंटो विद्यापीठाच्या बियांका श्रोडर आणि गूगलच्या अभियंत्यांनी २००९ साली गूगलच्या सर्व्हरांचा अभ्यास मांडला, त्यात वर्षभरात सुमारे एक तृतीयांश मशिनवर आणि ८ टक्क्यांहून जास्त रॅमवर दुरुस्त झालेली निदान एक तरी चूक नोंदली गेली होती. चुका होतातच. तुमच्यापर्यंत त्या पोचतात का, हे बघायचं आहे.

म्हणून आयड्रॅक. हा सर्व्हरच्या आतला वेगळा छोटा कॉम्प्युटर, विंडोज बंद असलं तरी चालतो. त्याची केबल लावलेली नसेल तर आजच लावा. कुणी बदललेला नसेल तर त्याचा पत्ता १९२.१६८.०.१२० असतो, आणि पासवर्ड बहुधा सर्व्हरच्या पुढच्या सरकत्या पट्टीवर छापलेला असतो. आत गेल्यावर तो बदलून टाका. मेमरीच्या पानावर प्रत्येक स्लॉटसमोर आकार, वेग, कंपनी, पार्ट नंबर आणि सिरियल नंबर येतात. मोबाइलमधले स्टिकरचे फोटो समोर ठेवा आणि ए१ ते ए६ एकेक जुळवा. हे दहा मिनिटांचं काम आहे आणि फसवणुकीची शंका इथेच मिटते. मग सिस्टीम इव्हेंट लॉग उघडा. पिवळ्या दिव्याचं कारण तिथे तारीखवेळेसकट लिहिलेलं असेल. त्याची फाइल जपून ठेवा आणि नंतरच लॉग साफ करा, म्हणजे यापुढची नोंद ही नव्या मांडणीची, हे नक्की.

आता ताण द्या. मेमटेस्ट८६ हा मेमरी तपासणारा प्रोग्राम पेनड्राइव्हवर घ्या आणि त्याच सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी लावून जा. ९६ जीबीला चार फेऱ्या व्हायला बरेच तास लागतात, रात्र जाईलच. सकाळी पडद्यावर शून्य चुका दिसतील, पण तेवढ्यावर विसंबू नका. एकेका बिटची चूक ईसीसी वाटेतच दुरुस्त करते, त्यामुळे ती टेस्टच्या प्रोग्रामपर्यंत पोचतेच असं नाही. टेस्टचा उपयोग सगळ्या मेमरीला राबवण्यासाठी, आणि निकाल वाचायचा आयड्रॅकच्या लॉगमध्ये. तो लॉग कोरा असेल तर मी रॅम पास धरतो.

लॉगमध्ये एखाद्या स्लॉटवर दुरुस्त झालेल्या चुकांचं प्रमाण ओलांडल्याची नोंद आली तर? आधी एकदा रीस्टार्ट करा. डीडीआर४ च्या चिपमध्ये खराब ओळीच्या जागी राखीव ओळ लावायची सोय आहे आणि नव्या बायोसमध्ये ती दुरुस्ती सुरू होताना आपोआप होते. तरी चूक परत आली तर ती रॅम शेजारच्या स्लॉटमधल्या रॅमशी अदलाबदल करा, बाकी काहीही बदलू नका, आणि पुन्हा रात्रभर चालवा. चूक रॅमबरोबर नव्या स्लॉटला गेली तर रॅम बदलून घ्या. जुन्याच स्लॉटवर राहिली तर स्लॉटमध्ये कचरा आहे किंवा प्रोसेसरखालच्या पिनांत दोष आहे. तिथे स्वतः हात घालू नका, कंपनीचा इंजिनिअर बोलवा.

आता विंडोज. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी: एकूण ९६, वेग २४००, वापरलेले स्लॉट ६. ‘हार्डवेअर रिझर्व्हड’चा आकडा काही शे एमबीच्या आसपास हवा. तो अनेक जीबी असेल तर एमएसकॉन्फिगमध्ये बूटच्या पुढच्या पर्यायांत ‘मॅक्सिमम मेमरी’वर कुणी खूण केलीय का बघा. विंडोज सर्व्हर २०१९ स्टँडर्डला ९६ जीबी काहीच नाही, पण एसेन्शियल्स आवृत्ती ६४ च्या पुढे घेत नाही. दुसऱ्या ऑफिसात हाच प्रयोग करताना हे विचारून घ्या. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘व्हिया-लॉगर’च्या (WHEA-Logger), म्हणजे हार्डवेअरच्या चुकांच्या, नोंदी येताहेत का, तेही बघा. पॉवरशेलमधून रॅमची माहिती मागवलीत तर टोटल विड्थ ७२ आणि डेटा विड्थ ६४ दिसेल, म्हणजे ईसीसी चालू आहे.

आणि आता तुमचा खरा त्रास, तो रखडणारा रिपोर्ट. रॅम वाढवली तरी एसक्यूएल सर्व्हर ती आपण होऊन घेईलच असं नाही. मॅनेजमेंट स्टुडिओत सर्व्हरच्या नावावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, मग मेमरी. तिथे ‘मॅक्सिमम सर्व्हर मेमरी’ हा एमबीतला आकडा आहे. कुणी हात लावला नसेल तर तो २१४७४८३६४७ असतो, म्हणजे मर्यादाच नाही, आणि मग एसक्यूएल हळूहळू सगळी मेमरी गिळून २५ जणांच्या रिमोट डेस्कटॉपला उपाशी ठेवतं. पण माझा अंदाज वेगळा आहे: ३२ जीबीच्या काळात ईआरपी बसवणाऱ्याने तिथे १५ किंवा २० हजार लिहून ठेवलं असेल आणि ते आजही तसंच असेल. तसं असेल तर नवी रॅम आल्याचं एसक्यूएलला कुणी सांगितलेलंच नाही. तुमच्या मशिनवर विंडोज, टॅली आणि २५ लोक मिळून ३६ जीबी बाजूला ठेवा आणि इथे ६१,४४० लिहा, म्हणजे ६० जीबी. रीस्टार्ट लागत नाही. दोनचार कामाचे दिवस टास्क मॅनेजरवर नजर ठेवा. मोकळी मेमरी भरपूर उरत असेल तर आकडा थोडा वाढवा.

त्याच खिडकीच्या जनरल पानावर आवृत्ती बघायला विसरू नका. फुकट मिळणारी एक्सप्रेस निघाली तर सगळा हिशेब बदलतो, कारण २०१६ पासून २०२२ पर्यंतच्या एक्सप्रेसला डेटा साठवायला १,४१० एमबीच मेमरी मिळते. मशिनमध्ये किती का रॅम असेना. अशा वेळी आणखी रॅम घेणं म्हणजे पैसे पाण्यात. त्याच वर्षांतली स्टँडर्ड असेल तर १२८ जीबीपर्यंत मुभा आहे.

मग रिपोर्ट एकदा चालवा, संपला की लगेच तोच परत चालवा. पहिल्या वेळी डेटा डिस्कवरून येतो, दुसऱ्या वेळी मेमरीतून. दुसरी खेप झपाट्याने आली तर रॅमचा उपयोग होतोय आणि दिवसाच्या कामात तो जाणवेल. दोन्ही वेळा सारखाच वेळ लागला तर दुखणं मेमरीत नाही. ईआरपीवाल्याला बोलवा आणि त्या रिपोर्टची क्वेरी व इंडेक्स तपासायला लावा. ‘सायेब, रॅम टाकली की पळतंय की’ असं सांगून तो वेळ मारून नेत असेल तर या दोन खेपांची वेळ लिहून त्याच्यापुढे ठेवा.

जाता जाता सी ड्राइव्हची मोकळी जागा बघा. रॅम वाढली की विंडोजची पेज फाइलही वाढू शकते. आणि सर्व्हरचा ऑनलाइन यूपीएस इंडक्शन फर्नेसच्या लाइनवर नाही ना, हे इलेक्ट्रिशियनकडून पक्कं करून घ्या. फर्नेसमुळे विजेत हार्मोनिक्स येतात. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातलं व्होल्टेज दोन-तीन व्होल्टच्या आत असावं असं मी धरतो.

शेवटची एक मागणी, दुकानदाराकडे करायची. तशीच सातवी रॅम, त्याच पार्ट नंबरची, विकत घेऊन कपाटात ठेवा. २०१९ आणि २०२१ च्या पुरात पंचगंगेचं पाणी महामार्गावर आलं आणि शिरोलीपाशी पुण्याची वाट काही दिवस बंदच होती. तेव्हा पुण्याहून सुटा भाग मागवायची सोयच राहिली नव्हती. ती सातवी रॅम आत्ताच एकदा ए६ मध्ये लावून रात्रभराच्या टेस्टमधून काढा, अँटीस्टॅटिक पिशवीत घाला, पिशवीवर तारीख आणि निकाल लिहा. नव्या चारपैकी एखादी वॉरंटीत बदलायला गेली तरी सर्व्हर सहा चॅनेलवर चालू राहील.

हलवाहलव झाल्यावर आयड्रॅकच्या मेमरीच्या पानाचा आणि लॉगचा फोटो टाका. ए५ आणि ए६ समोर १६ जीबी दिसलं, लॉग कोरा राहिला आणि तरी दिवा पिवळाच असेल, तर कारण मेमरीबाहेरचं आहे आणि ते आपण वेगळं शोधू.